जागेला लाख, घराला शून्य

बेळगावात जुनं घर विकत घेणारा माणूस बहुधा घर घेतच नाही. तो जागा घेतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, खडेबाजार, कुठंही चौकशी करा. एजंट दर सांगतो तो जागेच्या चौरस फुटाचा. त्या जागेवर उभं असलेलं घर डोळ्यांना दिसतं, हिशेबात येत नाही. "घराचं काय धरू नका वो, ते पाडायचंच हाय," असं तो वर सांगतो आणि घेणाराही मान डोलावतो. दोन फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंती, सागवानी तुळया, पाख्यांवरची मंगळुरी कौलं, परड्यातली विहीर, सगळ्यांची मिळून किंमत शून्य. उलट पाडायचा आणि राडारोडा उचलायचा खर्च किमतीतून वजा करा म्हणून घासाघीस चालते. म्हणजे शून्याच्याही खाली.

हे शून्य चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे. ते बाजाराने आपसूक ठरवलं असंही नाही. प्राप्तिकर, बँका, नुकसानभरपाईचे नियम, बांधकाम परवान्याची रीत आणि आपली सोयरीक जमवायची पद्धत, या सगळ्यांनी मिळून ते ठरवलं आहे. माणसांनी ठरवलेलं असल्यामुळे ते बदलताही येईल.

आधी हे घर कशाचं असतं ते पाहू. खानापूर तालुक्यापासून घाटापर्यंतचा बराचसा पट्टा जांभ्याचा. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने हवा तसा कापता येतो, आणि उघड्यावर राहिला की टणक होत जातो. त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी जुन्या भिंती चिऱ्याच्या. सांधे मातीचे किंवा चुन्याचे. पूर्वेकडं सरकलं की काळी माती लागते आणि कच्च्या विटांच्या, मातीच्या भिंती जास्त दिसू लागतात. छप्पर दोन पाख्यांचं: मधे आढं, दोन्हीकडं वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. आधी कुंभाराच्या हातची नळीची कौलं असायची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्या धाटणीची चपटी कौलं पुढं घाट चढून आमच्या गल्ल्यांत आली. आत सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं.

बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीत त्याहून खूपच जास्त. आणि याच जिल्ह्यातल्या अथणीत शहराच्या निम्मासुद्धा नाही. एका जिल्ह्यात इतका फरक असताना घरंही वेगवेगळी असायची: अथणीकडं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं, इकडं उतरत्या पाख्यांचं. आज अथणीपासून कणकुंबीपर्यंत घर एकच. चार खांब आणि वर सपाट स्लॅब.

या सपाट स्लॅबचं पुढं काय होतं ते बघायला भाग्यनगर किंवा टिळकवाडीतल्या एखाद्या उंच गच्चीवर चढावं आणि चारी दिशांना नजर फिरवावी. निळे, लाल, हिरवे पत्रे. गच्चीमागून गच्ची, लोखंडी पाइपांवर चढवलेलं उतरतं शेड. गोष्ट सगळीकडं सारखीच आहे. कौलं उतरवली, स्लॅब टाकला, तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात छताला ओल आली, वॉटरप्रूफिंग केलं, तेही गळलं, शेवटी पत्रे चढवले. इतके लाख घालून माणूस पुन्हा उतरत्या छपराखालीच आला. फरक एवढाच की कौलाच्या जागी पत्रा आला, जो मुसळधार पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू देत नाही आणि एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. शेडचा बारशाला, हळदीला, पापड वाळवायला उपयोग होतो हे मान्य. पण पापड वाळवण्यासाठी कुणी स्लॅब टाकत नाही.

मी स्लॅबचा वैरी नाही. नीट केलेला स्लॅब गळत नाही. काँक्रीटच्या कामाची भारतीय मानक संहिता आहे, ४५६ क्रमांकाची. साध्या परिस्थितीतल्या स्लॅबमध्ये सळईखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं आणि नुसतं सिमेंट वापरलं असेल तर किमान ७ दिवस काँक्रीट ओलं ठेवायला हवं, असं ती सांगते. आपल्या गल्लीतल्या स्लॅबच्या दिवशी काय होतं? सळई फळ्यांना टेकू नये म्हणून कव्हर ब्लॉकऐवजी दगडाच्या कपच्या सरकवलेल्या असतात आणि त्यातल्या अर्ध्या पायाखाली जाऊन निसटतात. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त पडतं. संध्याकाळी स्लॅब झाल्याचं जेवण होतं. दुसऱ्या दिवशी पाणी मारायचं काम घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं येतं आणि चौथ्या दिवशी ते थांबतं. मग आवरण कमी पडलेल्या जागी सळई गंजते, गंजली की फुगते, आणि छताचे पोपडे जेवणाच्या ताटात येतात. कौल फुटलं तर एक कौल बदलता येतं. स्लॅब एका जागी फुटला की ती एक जागा नेमकी कुठली हे शोधण्यातच वर्षं जातात, कारण पाणी शिरतं एकीकडं आणि टपकतं तिसरीकडं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. जुनी घरं पडतात, माणसं मरतात. २०२१ च्या ऑक्टोबरात बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसाने भिंत कोसळून सात जण गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय अशा सगळ्या नद्या एकदम चढल्या तेव्हा जिल्ह्यात गावंच्या गावं ओल्या मातीचे ढीग होऊन बसली होती. ते पाहिलेल्या माणसाला "जुनं घर राखा" म्हणणं म्हणजे शहरी हौस वाटणार. वाटू दे, पण नेमकं काय पडतं ते बघितलं पाहिजे. कच्च्या विटेची किंवा मातीची भिंत पडते, तीही बुडाशी पाणी मुरल्यावर किंवा वरचं छप्पर उघडं पडल्यावर. पन्हाळ फुटून पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडत राहिल्या, शेजाऱ्याने रस्ता उंचावल्यामुळे गल्लीतलं पाणी आपल्या जोत्याला टेकू लागलं, ओट्याखालची मोरी तुंबली, की भिंत खालून मऊ होते आणि एका रात्री बसते. महापुरात तीन दिवस उभी राहिलेली मातीची भिंत वाचवा असं मी म्हणणार नाही. ती उतरवलीच पाहिजे. पण शहापुरातल्या चिऱ्याच्या भिंतीला नदीकाठच्या मातीच्या भिंतीच्याच रांगेत उभं करून दोघींना फाशी द्यायची, हा न्याय नव्हे.

जुन्या घरांचं सगळ्यात मोठं नुकसान करतो तो पाऊस नाही. ती हौसेची डागडुजी. हे मी एका घरात जवळून पाहिलं. शहापूर भागातलं घर, नुकतंच विकत घेतलेलं. घेणाऱ्या काकांनी सोप्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, खाली चकचकीत व्हिट्रीफाइड फरशी, भिंतीला मोतिया रंग. श्रावणात गेलो तेव्हा जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत रंगाला फोड आले होते. किल्लीने ठोकलं तर बद्द आवाज. पापुद्रा उचलला तर आत पिठासारखा पांढरा लोणा, आणि त्यामागं चिरा इतका ओला की बोट लाल झालं. पलीकडं माजघर होतं. पैसे संपल्यामुळे तिथं काहीच केलेलं नव्हतं: जुना चुन्याचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. ती भिंत कोरडी. काकांचं म्हणणं, सोप्याच्या भिंतीतच दोष असणार. दोष भिंतीत नव्हता. जमिनीतली ओल पूर्वी फरशीच्या सांध्यांतून आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जायची. नव्या फरशीने खालचा रस्ता बंद केला, सिमेंटने दोन्ही बाजूंचे, आणि ओल भिंतीतच वर चढू लागली. हा गिलावा आता खरवडावा लागणार आणि पुन्हा चुन्याचा करावा लागणार, असं मी म्हटल्यावर काकांनी विचारलं, "म्हंजे पैसे देऊन केलं ते पैसे देऊन काढायचं?" होय.

त्याच घरात एक तुळई होती. मधे घट्ट, नखाने ओरखडाही उठत नव्हता. पण भिंतीत घुसलेल्या टोकाशी, नेमकं जिथं वर दोन पाख्यांची कोनी आणि पन्हाळीचा जोड होता, तिथं स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वर ऑइलपेंटचा सुंदर हात दिलेला. वाळवी नव्हे, नुसती कूज. सुताराचा उपाय साधा होता: कुजलेलं टोक कापायचं, नवा सागवानी तुकडा सांधून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट, खाली चिऱ्याऐवजी दगडी थप्पी, आणि मुख्य म्हणजे वरची पन्हाळ नीट करायची. कंत्राटदाराचा उपाय होता घर पाडायचा. दोघांनी तेच लाकूड बघितलं होतं. पण कंत्राटदाराला तुळई सांधण्यात पैसे मिळत नाहीत, म्हणून सल्ला कोणाचा घेतोय हे बघून सल्ला घ्यावा.

आता हे शून्य कोण लिहितं ते बघू. पहिला लेखनिक प्राप्तिकर खातं. जुन्या करपद्धतीत राहत्या घरासाठी कर्ज काढून घर घेतलं किंवा बांधलं, तर वर्षाला २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. त्याच घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर मर्यादा ३० हजार. मुद्दलाच्या फेडीवर मिळणारी सवलतही घर घेण्याला आणि बांधण्याला आहे, डागडुजीला नाही. नव्या करपद्धतीत राहत्या घराला यातलं काहीच मिळत नाही, तो भाग वेगळा. पण इतकी वर्षं सरकारने नोकरदाराच्या कानात एकच सांगितलं: राखू नको, बांध.

दुसरी बँक. तिला मंजूर नकाशा हवा असतो. आजोबांच्या आजोबांनी बांधलेल्या घराचा नकाशा कुठून आणायचा? जागेवर कर्ज द्यायला बँक बिचकते, कौलारू घर तारण म्हणून बघायला कचरते, आणि पाडून नवा नकाशा मंजूर करून आणला की तीच बँक चहा पाजून कर्ज देते. माणसाला घर राखायचं असलं तरी पैसा मिळतो तो पाडायच्या अटीवर.

तिसरी नुकसानभरपाई. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख आणि किरकोळ पडझडीला ५० हजार रुपये अशी रक्कम ठरवली. संकटातल्या माणसाला ५ लाख मिळाले यात गैर काही नाही, मिळायलाच हवेत. पण एक कोपरा ढासळलेल्या घराच्या मालकाने काय करावं असं हा फरक त्याला सुचवतो? त्याने भिंतीला टेकू द्यावा, की पंचनाम्याला साहेब येईपर्यंत उरलेली भिंतही बसावी अशी वाट बघावी? लोकांना बेइमान म्हणणं सोपं आहे. त्यांना असा हिशेब करायला लावणारा नियम कुणी केला हेही विचारलं पाहिजे.

चौथे आपण. पोराचं लग्न ठरवायला निघालेल्या बापाला विचारा. मुलीकडचे दारात येतात तेव्हा आधी वर बघतात. कौलं दिसली की बोलणी थंड. "शेती हाय, नोकरी हाय, पण घर अजून कौलाचंच हाय की वो," हे वाक्य सीमाभागातल्या कितीतरी स्थळांच्या कपाळी आलं आहे. म्हणून कर्ज काढून पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या होतात, मागं जुनं घर तसंच राहतं, आणि दोन छपरांच्या सांध्यातून पाणी नेमकं नव्या सुनेच्या खोलीत येतं. या बाबतीत सरकारला दोष देता येत नाही.

पाडायचं ठरवलेल्याला गल्लीतले आणखी दोन प्रश्न नंतर कळतात. जुनं घर बारा-पंधरा फूट रुंद आणि आत लांबच लांब. आजच्या नियमांनी नवं बांधकाम करायचं तर जागा सोडावी लागते. सोडली तर खोली उरत नाही, नाही सोडली तर बांधकाम नकाशाबाहेर जातं आणि तो काटा पुढं प्रत्येक कागदात, विकताना आणि कर्ज काढताना, टोचत राहतो. दुसरं, भिंत सामाईक असते. तुमची भिंत म्हणजे शेजाऱ्याचीही. त्याच्या माजघराच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. जेसीबीने तुमचा अर्धा भाग ओढला की त्याच्या घराला तडा जातो, आणि पिढ्यान्पिढ्या गणपतीत एकमेकांच्या घरी पंगतीला बसलेली दोन घरं कोर्टाच्या व्हरांड्यात भेटू लागतात. दुरुस्तीत हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा उठतच नाहीत.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. जुन्या घराचा सिटी सर्व्हेचा उतारा काढला की त्यावर बहुधा आजोबांचं नाव असतं, आणि विकायला येतो एक नातू. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क १९९४ पासून आहे, देशभर तो २००५ साली झाला. म्हणून वंशावळ काढून आत्या, बहिणी, पुण्या-मुंबईला दिलेल्या लेकी, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय इसाराचे पैसे देऊ नयेत. "त्या काय मागणार नाहीत" हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून आलं की समजावं, त्यांना विचारलेलं नाही. खरेदीपत्र आता कन्नडमध्ये होतं, घेणारं आणि विकणारं घर मराठी बोलतं, आणि नोंदणी कार्यालयात दोन्हीकडचे लोक न वाचलेल्या कागदावर अंगठे आणि सह्या देतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं १९ वं कलम जिल्ह्यात सामान्यपणे वापरल्या जाणाऱ्या भाषेचा विचार करतं. दस्त त्या भाषेत नसेल आणि दस्ताची भाषा अधिकाऱ्याला कळत नसेल तर भाषांतर जोडायला सांगतं. ज्या जिल्ह्यात जवळपास पाचांतला एक माणूस घरी मराठी बोलतो तिथं खरेदीपत्राबरोबर मराठी प्रत मिळावी ही मागणी सीमाप्रश्नाच्या मोर्चातली नाही, ती ग्राहकाची आहे. ते होईल तेव्हा होवो. तोवर मसुदा आदल्या दिवशी हातात घ्यावा आणि कन्नड वाचता येणाऱ्या आपल्या माणसाकडून चतुःसीमेसकट ऐकावा. १९५६ आधीचे जुने कागद मराठीत, काही मोडीत असतात. विकणाऱ्याकडून तेही मागून घ्यावेत. परड्यातली वाट कोणाची हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं.

गल्लीतलं जुनं घर सोडून लोक जातात कुठं? अनगोळ-वडगावच्या पुढं, येळ्ळूर रस्त्याला, जिथं काल-परवापर्यंत भात होता. बेळगाव बासमतीची ती जमीन, काळी, पाणी धरून ठेवणारी. भाताला जे हवं तेच घराला नको असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि उथळ पायावर बांधलेल्या भिंतींत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पाडते. त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी त्या शिवारात पसरतं, हे शेतकरी ओरडून सांगत आले आहेत. त्यांच्या पिकाचं नुकसान बातमीत येतं. तिथंच "शहराजवळ, निसर्गरम्य" अशी जाहिरात बघून प्लॉट घेतलेल्याच्या न्हाणीघरात पाणी उलटं येतं तेव्हा ते त्याचं खासगी दुःख होतं. शिवाय तो प्लॉट बिगरशेती झालेला आहे की नुसताच आखलेला, त्याची महापालिकेकडची नोंद, म्हणजे ई-खाता, नियमित 'ए' आहे की अनियमित 'बी', हे वेगळंच. म्हणजे तुलना पडक्या जुन्या घराची सुरक्षित नव्या घराशी नसते. माहीत असलेल्या दोषांची माहीत नसलेल्या दोषांशी असते.

म्हणून जुनं घर बघायचं ते मे महिन्यात नाही. विकणाऱ्यांना मे आवडतो, भिंती कोरड्या असतात. आषाढ-श्रावणात जावं, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, दुपारच्या उजेडात. भिंतीला ओळंबा लावावा. पोटात फुगवटा आला असेल तर गवंड्याशिवाय पुढं बोलू नये. भेगा उभ्या आहेत की तिरप्या ते बघावं. माळ्यावर चढून वाशांची टोकं, आढ्याचे जोड, कौलांतून दिसणारे उजेडाचे ठिपके बघावेत. परड्यात जाऊन पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते पावसातच उभं राहून बघावं. याला दुसरा मार्ग नाही. मग खर्चाचा क्रम लावावा. पहिला पैसा पाण्यावर: कौलं परतून घेणं, पन्हाळ, मोरी, भिंतीच्या पायथ्याचा उतार. दुसरा लाकडावर. तिसरा विजेच्या वायरींवर, कारण कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी आणि गीझर यांचं जमत नाही. मग गिलावा, चुन्याचा. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट आणि ट्रॉल्या सगळ्यात शेवटी. आपल्याकडं हा क्रम बरोबर उलटा असतो, कारण पाहुण्यांना ग्रॅनाइट दिसतो, मोरीचा उतार दिसत नाही.

पैशाचं गणित कठीण नाही. साधं आरसीसी बांधकाम आज चौरस फुटाला २,००० रुपयांच्या आसपास जातं. ८०० चौरस फुटांचे झाले १६ लाख. वर पाडायचा खर्च, नकाशा, वर्षभराचं भाडं, आणि पुढं कधीतरी ते पत्र्याचं शेड. भिंती धड असलेल्या कौलारू घराची वर सांगितलेली सगळी कामं केली तरी याच्या निम्म्यापर्यंत पोचणं कठीण. अडचण पैशाची कमी आणि माणसांची जास्त आहे. चुना मळणारा, सांधा जुळवणारा, पाख्यावर उंदरासारखा हलका फिरणारा कारागीर आज पन्नाशी-साठीचा आहे आणि त्याचा पोरगा गोव्यात टाइल्स बसवतो. खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे; चुन्याचं आणि छपराचं काम शिकवणारा एखादा वर्ग तसा, आयटीआयमध्ये म्हणा किंवा आणखी कुठं, सुरू व्हायला हरकत कसली? काम नाही म्हणून कारागीर नाही आणि कारागीर नाही म्हणून काम नाही, ही गाठ कुठंतरी सोडवावी लागेल आणि ती एकेकट्या घरमालकाला सुटणार नाही.

बाकीच्या मागण्याही फार मोठ्या नाहीत. दुरुस्तीच्या कर्जावरची ३० हजारांची मर्यादा दिल्लीने वाढवावी. नकाशा नसलेल्या जुन्या घराला महापालिकेच्या किंवा नोंदणीकृत अभियंत्याच्या तपासणीचा दाखला बँकांनी चालवून घ्यावा. आणि राज्याने पडलेल्या घराला भरपाई देताना पडू घातलेल्या घराचाही विचार करावा. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने आणि महापालिकेने अशा घरांची यादी करायची, पन्हाळीला, मोरीला, भिंतीच्या बुडाला ५० हजार द्यायचे. २०१९ मध्ये एका पडलेल्या घराला ठरवलेल्या रकमेत दहा घरांचं काम होतं, आणि त्यातली माणसं जिवंत असतात. ही मागणी घेऊन मराठी नगरसेवकांनी जावं, कन्नड नगरसेवकांनीही जावं. वडगावात दोघांच्याही वॉर्डातल्या भिंती त्याच चिऱ्याच्या आहेत.